मजकूर किती दिवस ठेवायचा ते आधी ठरव, शिव्यांचा फिल्टर नंतर

राम राम भाऊ. तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमळनेरला तुम्ही चार मित्र मिळून मजकूर शेअर करायची एक साधी सोय चालवता, पेस्टबिनसारखी, कोणीही टेक्स्ट टाकतो, लिंक मिळते, ती ग्रुपवर फिरते. कॉलेजची पोरं कोड टाकतात, रावेर-यावलकडचे लोक केळीचे भाव टाकतात, कोणी खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी टाकतं. आता तिथं ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती सुरू झाल्यात, एकाने शेतकऱ्यांची आधार नंबरासकट यादी चिकटवली, एकाने गावातल्या एका बाईबद्दल घाण लिहिलं, आणि त्यावरून पोलिसांचा फोन आला की कोणी टाकलं ते सांगा. तू विचारतोस लॉगिन सक्तीचं करू का, शिव्यांचा फिल्टर लावू का, आणि जुनं सगळं ठेवू की उडवू.

मी जळगावात सर्व्हर सांभाळायची कामं करतो आणि अशा दोन-तीन सोयींची तक्रारपेटी माझ्याकडे असते, त्यामुळे जे सांगतो ते हातातलं सांगतो. तू तीन प्रश्न विचारलेस पण माझ्या मते त्यातला शेवटचाच खरा आहे. मजकूर किती दिवस जगणार हे ठरलं की निम्मी डोकेदुखी आपोआप कमी होते, आणि ते न ठरवता नियमांची लांबलचक यादी लिहिलीस तर ती यादी पाळायला माणसं कुठून आणणार.

आधी हे बघ की त्रास देणारा माणूस येतो कशाला. सट्टावाला तुझ्या वाचकांसाठी येतच नाही, तुझ्याकडे अमळनेरचे दीडशे लोक येतात याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्याला गुगलने वाचावं अशी एक लिंक पाहिजे असते, तीही कायमची. म्हणून सगळ्या पेस्टवर (टाकलेल्या मजकुरांवर) नोइंडेक्स लाव, म्हणजे शोधयंत्राला 'हे यादीत घेऊ नको' अशी खूण, आणि ती हेडरमधूनच (मजकुराआधी सर्व्हर पाठवतो त्या माहितीतून) पाठव म्हणजे रॉ लिंकलाही, नुसता मजकूर दाखवणाऱ्या लिंकलाही, लागू होईल. आणि मजकुरातल्या लिंका क्लिक होण्यासारख्या करूच नको, नुसतं टेक्स्ट दिसू दे, ज्याला जायचं तो कॉपी करेल. लिंका द्यायच्याच असतील तर नोफॉलो (या लिंकला वजन देऊ नको) आणि यूजीसी (ही लिंक वापरणाऱ्याने टाकलीय) हे शोधयंत्रासाठीचे दोन्ही टॅग लाव (पहिला २००५ पासून आहे, दुसरा गुगलने २०१९ मध्ये आणला), पण स्पॅमवाल्याचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, ते टॅग बघत बसत नाही, तो टाकतच राहतो, म्हणून मी म्हणतो लिंकच नको. आणि एक काम आजच कर, पहिल्या पानावरची ती 'नुकतंच टाकलेलं' यादी काढून टाक. मला माहितीये तुम्हाला ती आवडते, वर्दळ दिसते, पण स्पॅमवाल्याला पहिल्या पानावर फुकट जाहिरात मिळते आणि मजकूर ओरबाडणाऱ्या बॉटांना तयार यादी मिळते. ज्याला लिंक पाठवली त्याने वाचावं, एवढंच या सोयीचं काम आहे.

दुसरा प्रकार तुला अजून दिसला नसेल पण येणार हे नक्की. व्हायरस बनवणारे लोक आपला माल अशा ठिकाणी टेक्स्ट म्हणून ठेवतात आणि बाधित कॉम्प्युटर तिथून तो उचलतो. दिसायला ती बेस६४ ची, म्हणजे फाइल साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीची, लांबच लांब ओळ असते. विंडोजची प्रोग्राम फाइल बेस६४ मध्ये बदलली की सुरुवात बहुतेक वेळा टी-व्ही-क्यू या तीन अक्षरांनी होते, त्यामुळे अशी सुरुवात आणि पुढे हजारो अक्षरं मोकळ्या जागेशिवाय असं दिसलं की ती पेस्ट आपोआप बाजूला ठेवायची. एवढ्याने सगळे सापडत नाहीत, पण आळशी सापडतात आणि आळशीच जास्त असतात. रॉ लिंक कायम साधं टेक्स्ट म्हणूनच जाऊ दे, नोस्निफ हेडर (अंदाज लावू नको असं ब्राउझरला सांगणारा) लाव नाहीतर ब्राउझर स्वतःच अंदाज लावून ते एचटीएमएल म्हणून चालवायला बघतो. जमलं तर रॉ मजकूर वेगळ्या डोमेनवरून दे. कारण गुगलच्या सेफ ब्राउझिंगने, म्हणजे धोकादायक साइटांचा इशारा देणाऱ्या सेवेने, डोमेनवर लाल पाटी लावली तर ती त्या एका पेस्टपुरती राहीलच असं नाही, फैजपूरचा माणूस केळीचा भाव बघायला येईल आणि त्याला पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा दिसेल, तो परत येणार नाही.

हे किती वर जाऊ शकतं याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयसिसच्या प्रचाराचं कारण देऊन सरकारने ३२ साइट बंद करायला सांगितल्या, त्यात पेस्टबिन तर होतंच, कोड ठेवायचं गिटहब आणि व्हिडिओंचं व्हिमिओपण होतं. बऱ्याच डेव्हलपर लोकांचं काम अडलं. एवढ्या मोठ्यांची ही गत तर आपल्या व्हीपीएसचं (भाड्याच्या छोट्या सर्व्हरचं) काय, होस्टिंगवाला एक मेल पाठवतो, उत्तर वेळेत नाही गेलं तर मशीन बंद. म्हणून अब्यूजचा (गैरवापराच्या तक्रारींचा) मेल पत्ता असा ठेव की जो रोज कोणीतरी उघडतो, चौघांच्याही फोनवर येऊ दे, आणि होस्टिंगच्या खात्यातला संपर्क मेल कॉलेज सोडून गेलेल्या मित्राचा नाही ना हे बघून घे. हसू नको, हे फार ठिकाणी असतं.

आता याद्या. आधार नंबराची यादी टाकणारा माणूस दर वेळी बदमाश नसतो. पुष्कळदा तो सोसायटीचा सचिव असतो नाहीतर कोणाचा तरी पुतण्या, अनुदानाची यादी व्हॉट्सअॅपवर मावत नाही म्हणून इकडे टाकतो आणि लिंक सगळ्या गावाला पाठवतो. त्याला बॅन करून काय मिळणार? त्याला टाकायच्या आधी थांबवायचं. आधार नंबर १२ आकडी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही, आणि शेवटचा आकडा वरहूफ नावाच्या पद्धतीने आधीच्या आकड्यांवरून काढलेला, तपासणीचा असतो, म्हणजे तुला नंबर कुठेही न पाठवता, सेव्ह करायच्या आधी ब्राउझरमध्येच, तो आधारसारखा आहे का हे कळतं. कुठलाही १२ आकडी नंबर त्या तपासणीत दहात एकदा योगायोगाने पास होतो, म्हणून एका नंबरावर आरडाओरडा नको, चार-पाच सापडले तर पाटी दाखव, 'यात आधार नंबर दिसत आहेत, ही लिंक कोणीही उघडू शकतो, शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाकू का?' आणि खाली एक बटण, झाका. लोक ते बटण दाबतात. पॅनचं अजून सोपं, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, आणि व्यक्तीचा असेल तर चौथं अक्षर पी. तुझ्या कोडवाल्या पोरांसाठी अमेझॉन क्लाउडच्या चाव्याही (खात्याच्या पासवर्डसारख्या) तशाच पकड, त्या एकेआयए या चार अक्षरांनी सुरू होतात, एका पोराने चुकून टाकली की रात्रीतून कोणीतरी त्याच्या कार्डावर मशिनी चालवतं.

आणि शिव्यांचा फिल्टर, तर तो लावू नको. म्हणजे लावून बघ हवं तर, दोन दिवसांत काढशील. अहिराणीत एकच शब्द नंदुरबारचा एक तऱ्हेने लिहितो, चाळीसगावचा दुसऱ्या, आणि लेवा गणबोलीतला तिसराच असतो, कुठली यादी पुरणार? उलट जे अडायला नको ते अडतं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गाण्यांत सासू-नणंदेचा जो उद्धार असतो तो मशीनला शिवीगाळ वाटणार. आखाजीला आपल्याकडे पत्ते कुटतात हे सगळ्या खान्देशाला माहितीये, तू 'जुगार' शब्दावर बंदी घातलीस तर आखाजीवर लिहिणारा अडकेल आणि सट्टावाला मधे एक अदृश्य अक्षर घालून निघून जाईल. खरंच, देवनागरीत ते फार सोपं आहे, झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर शब्दात घुसवलं की डोळ्याला तोच शब्द, मशीनला वेगळा. आणि ते सरसकट काढूनही टाकता येत नाही कारण काही कीबोर्ड 'कऱ्हायना' मधला अर्धा र त्याच अक्षराच्या मदतीने लिहितात, काढलंस की अहिराणीचा चेहरा बिघडतो. म्हणून मजकूर आहे तसा साठव, पण तुलना करण्यासाठी त्याची एक वेगळी साफ प्रत कर, अदृश्य अक्षरं काढून, युनिकोड एकसारखं करून, मोकळ्या जागा दाबून, आणि त्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा ठरावीक लांबीचा आकडा, काढ. एकदा काढलेला घाण मजकूर परत चिकटवला की हॅशवरून ओळखता येतो आणि त्यासाठी मूळ मजकूर बाळगायची गरजही नाही. एखादा शब्द बदलला तर हॅश बदलतो हे खरं, पण सूड म्हणून टाकणारे लोक सहसा तेच ते कॉपी करतात.

बाजूला एक गोष्ट, आकाराची मर्यादा बाइटमध्ये लावली असेल तर देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे ६४ केबीत इंग्रजी जेवढं मावतं त्याच्या एक तृतीयांशच मराठी मावतं. कानबाईची गाणी अर्धी कापली जातात अशी तक्रार आली असेल तर हे कारण.

आता मुदतीकडे येतो. जागा वाचवायला मजकूर उडवायचा असं कोणी सांगितलं तर ऐकू नको, पाच केबीच्या दहा हजार पेस्ट म्हणजे ५० एमबी, एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी. उडवायचं ते जबाबदारी कमी करायला. जे तुझ्याकडे नाही ते चोरीला जात नाही, त्यावर तक्रार येत नाही आणि त्यासाठी कोर्टाची चक्कर पडत नाही. तुझ्या सोयीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात आहेत, बाजार समितीबाहेरच्या फळ्यावर रोज पुसून लिहायचा भाव आणि वाचनालयाच्या कपाटात ठेवायची वही. दोघांना एकच नियम लावायला गेलास की एक तरी बिघडणार. त्यामुळे फळा वेगळा कर आणि कपाट वेगळं.

फळ्यावर कोणीही, नाव न सांगता लिहू शकतो. मुदत टाकणाऱ्याने निवडायची, एक तास, एक दिवस, आठवडा, जास्तीत जास्त महिना. न निवडता सोडली तर आठवडा, प्रायव्हेटबिन नावाच्या अशाच प्रोग्राममध्येही मूळ सेटिंग आठवड्याचीच असते आणि ते बरोबर आहे. 'कायम' हा पर्याय फळ्यावर ठेवूच नको. केळीचा भाव तीन दिवसांनी कोणाच्या कामाचा? उलट जुना भाव फिरत राहिला की भांडणं लागतात. आणि वाचलं की मुदत वाढते अशी गोड कल्पना कोणीतरी मांडेल, नाही म्हण, कारण बॉट रोज येऊन वाचतात आणि नको ती पेस्ट अमर होते. ०x०.एसटी नावाची एक फाइल ठेवायची साइट आहे, तिची पद्धत मला आवडते, फाइल जेवढी मोठी तेवढी मुदत कमी, छोटीला जवळपास वर्ष, मोठ्यातली मोठी असेल तर ३० दिवस. टेक्स्टला तेवढं गणित नको पण तत्त्व घे, कारण माणसाचा मजकूर लहान असतो आणि फुटलेला डेटाबेस मोठा.

कपाटात मात्र गाणी, नोट्स, गावाचा इतिहास, असं जे जपायचं ते जाऊ दे, आणि तिथं कोणीतरी ओळखीचा माणूस जबाबदार पाहिजे. कानबाईची गाणी एखाद्या ताईंनी गोळा केली तर कपाटात टाकायचा हक्क त्या ताईंना, आणि वर्षातून एकदा त्यांना विचारायचं, हे ठेवायचं ना? उत्तर नाही आलं म्हणून लगेच उडवू नको, नुसतं सार्वजनिक दिसणं बंद कर आणि दुसऱ्या कोणाला सांभाळायला दे.

मुदत संपली म्हणजे खरंच गेलं का, हा भाग बहुतेक लोक अर्धवट करतात. उघडताना तारीख तपासून 'संपलं' अशी पाटी दाखवली, पण मजकूर डेटाबेसमध्ये तसाच. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असशील तर संपायच्या तारखेप्रमाणे रोजचं वेगळं पार्टिशन (टेबलाचा तुकडा) कर आणि रात्री आख्खं पार्टिशन ड्रॉप कर, एकेक ओळ डिलीट करत बसलास तर व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) होईपर्यंत ती जागा तशीच पडून असते. नंतर बॅकअप. पेस्ट ३० दिवस आणि बॅकअप १४ दिवस ठेवत असशील तर मजकूर खरा ४४ दिवस जगतो, मग पानावर ४४ लिही ना, ३० लिहून लोकांना का फसवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशीन बिघडली, जुना बॅकअप परत चढवला, की तक्रारीवरून काढलेलं सगळं घाण भुतासारखं परत उठतं. त्या बाईला कळलं की तुझ्यावरचा विश्वास संपला. त्यासाठी काढलेल्या पेस्टच्या आयडींची यादी डेटाबेसच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि बॅकअप चढवला की साइट चालू करायच्या आधी ती यादी परत चालव. आयडी पुन्हा वापरू नको, आणि ते एक-दोन-तीन असे क्रमाने तर देऊच नको, कोणीही आकडा वाढवत सगळं वाचून काढतो, लांब आणि रँडम ठेव. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखा कॅश (पानांची प्रत ठेवून वाचणाऱ्याला देणारी मधली सेवा) असेल तर काढल्याबरोबर तिथूनही पुसावं लागतं. आणि काढलेल्या पेस्टला ४०४ ('सापडलं नाही') या कोडऐवजी ४१० दे, म्हणजे होतं पण आता नाही आणि येणार नाही, शोधयंत्रांनाही ते समजतं.

तरीही एकदा सार्वजनिक झालेलं कोणीतरी उचललेलं असू शकतं. पेस्ट साइट दिवसरात्र चाळणारे लोक आहेत, काही चांगले, जसं हॅव आय बीन पोन्ड ही साइट फुटलेल्या ईमेलची सूचना द्यायला पेस्ट बघत आलीय, आणि काही चोर. तक्रार करणाऱ्याला 'इंटरनेटवरून पुसलं' असं कधी सांगू नको, 'आमच्याकडून काढलं' एवढंच सांग.

कायद्याचं बघू. मी वकील नाही, पण या सोयी चालवताना हे कलम-नियम रोजचे झालेत. आयटी कायदा २००० च्या कलम ७९ मुळे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची शिक्षा तुला होत नाही, पण अटी पाळल्या तर. २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कलमात 'माहिती होती' म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना मिळाली, कोणीही फोन करून दम दिला म्हणजे नाही. मग २०२१ चे आयटी नियम आले. त्यात तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावायला सांगितलंय, लहान-मोठा असा भेद नाही, तुमच्या चौघांतलं कोणीतरी ते हो. आदेश आल्यावर काढायला मूळ नियमात ३६ तास होते आणि कोणाचे उघडे फोटो किंवा तशा खाजगी गोष्टी असतील तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवर २४ तास. या मुदती नंतर आणखी आवळल्यात, त्यामुळे जुन्या लेखांवर जाऊ नको, आयटी मंत्रालयाच्या साइटवरचे सध्या लागू असलेले नियम वाच आणि त्यातल्या मुदतीच्याही निम्म्या वेळात काम होईल अशी पाळी लाव.

इथं तुझा खरा पेच येतो, मी एकीकडे सांगतो लवकर उडव आणि २०२१ चा नियम सांगतो की तक्रारीवरून, आदेशावरून किंवा नियमभंग दिसला म्हणून तू स्वतःहून जे काढलंस ते आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेव, पुरावा न बिघडवता. यात विरोध दिसतो पण नाही. मुदत संपून नेहमीसारखं गेलेलं गेलं. त्रासाचं म्हणून काढलेलं मात्र उडवायचं नाही, हलवायचं, वेगळ्या एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) जागी, जिथं साइटचा प्रोग्राम पोचू शकत नाही, चाव्या दोघांकडेच, उघडलं की कोणी कधी उघडलं याची नोंद, आणि १८१ व्या दिवशी आपोआप जाणार, कोर्टाने किंवा तपास यंत्रणेने जास्त सांगितलं नसेल तर. त्या कोपऱ्यात काय आहे ते बाकीच्या मित्रांना दाखवायचं नाही. गावात कोणाबद्दल काय लिहिलं होतं हे बघायची हौस सगळ्यांना असते.

लॉगचंही तसंच. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारचा सायबर हल्ला झाला तर कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेला जुळवून ठेव. पण लॉगमध्ये काय लिहायचं यावर बहुतेकांचं लक्ष नसतं. आपल्याकडे बहुतेक लोक मोबाइल डेटावर असतात आणि तिथं कंपन्या एका आयपी पत्त्यामागे शेकडो-हजारो लोक बसवतात, कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात त्याला. नुसता आयपी पोलिसांना दिलास तर कंपनी विचारते, त्या क्षणी त्या आयपीवर इतके लोक होते, यातला कोणता? म्हणून आयपीबरोबर सोर्स पोर्ट (त्या जोडणीचा नंबर) आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहायला लाव, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एक शब्द वाढवायचं काम आहे, २०११ च्या आरएफसी ६३०२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक कागदात हेच सुचवलंय. पुढे क्लाउडफ्लेअर असेल तर तुला दिसणारा पोर्ट त्यांचा असतो, माणसाचा नाही, हे लक्षात ठेव.

याच कारणाने आयपी बॅन करायचा मोह आवर. एका टवाळखोरासाठी आयपी बंद केलास आणि त्यामागे अख्खं हॉस्टेल निघालं, आता परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स कोणालाच उघडत नाहीत. वाचणं कधीच बंद करू नको, फक्त टाकणं हळू कर, म्हणजे आधी मिनिटाला दोन, मग दहा मिनिटाला एक, मग कॅप्चा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब आयपी पत्ते) असेल तर एकेक पत्ता मोजू नको, माणसाकडे /६४ चा आख्खा गठ्ठा असतो, मोजायचं तर तो गठ्ठा मोज.

पोलिसांचा फोन आला तर नम्रपणे बोलायचं, नाव, ठाणं, गुन्हा नंबर लिहून घ्यायचा आणि सांगायचं की साहेब लेखी नोटीस पाठवा, आम्ही लॉग तोपर्यंत गोठवून ठेवतो. आणि खरंच गोठवायचं. १ जुलै २०२४ पासून कागदपत्रं मागायची नोटीस बीएनएसएसच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम ९४ खाली येते, आधी ती सीआरपीसी ९१ ची असायची. लेखी मागणं म्हणजे असहकार नव्हे, पोलिसांनाही पुढे कोर्टात तोच कागद लागतो. फोनवर माहिती देऊन बसलास आणि फोन करणारा भलताच कोणी निघाला तर? गावात कोणी काय लिहिलं हे काढून घ्यायला लोक काय काय करतात. त्या बाईच्या प्रकरणात मात्र मजकूर काढायला नोटिशीची वाट बघायची नाही. तो काढणं तुझ्या हातात आहे, तो आधी काढ, त्या कोपऱ्यात हलव, मग कागद.

लहान मुलांचं लैंगिक काही आढळलं तर हे वरचं सगळं बाजूला. पाहत बसायचं नाही, मित्राला 'हे बघ' म्हणून पाठवायचं तर अजिबात नाही, कारण जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच पॉक्सो आणि आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर आणखी कडक निकाल दिलाय. सार्वजनिक दिसणं ताबडतोब बंद, पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लगेच कळवायचं आणि पुढे काय ठेवायचं ते त्यांच्या लेखी सांगण्याप्रमाणे.

तक्रारीचं बटण प्रत्येक पेस्टवर असू दे, लॉगिनशिवाय चालणारं, कारण ज्याच्याबद्दल लिहिलंय तो तुझा सदस्य नसतोच. कारणं चारच दे, माझी खाजगी माहिती आहे, धमकी-बदनामी, फसवणूक किंवा व्हायरस, इतर. पण इतक्या तक्रारी आल्या की आपोआप उडव असं करू नको, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बघ काय होतं, दोन्ही पॅनलची पोरं एकमेकांच्या पेस्टवर तक्रारींचा पाऊस पाडतात. तक्रारी साठल्या की पेस्ट फक्त झाकली जाऊ दे आणि माणूस येऊन बघू दे. त्या दिवसांत चौघांची पाळी लाव, रात्री अकरानंतर सगळा खेळ होतो. आणि वाचणाऱ्यांत एक जण तरी अहिराणी घरात बोलणारा पाहिजे, कारण आमच्याकडे पुण्याहून शिकून आलेल्या मुलाने एकदा निव्वळ भावाभावातली थट्टा धमकी समजून झाकली होती आणि खरी धमकी, जी फार गोड भाषेत होती, ती तशीच सोडली.

एन्क्रिप्टेड पेस्टचं तू विचारलं नाहीस पण तुझ्या मित्रांपैकी कोणी सुचवेलच. प्रायव्हेटबिनमध्ये मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो आणि चावी लिंकमधल्या # या चिन्हाच्या पुढे असते, तो भाग सर्व्हरकडे येतच नाही, त्यामुळे तुलाही वाचता येत नाही. दोघांच्यात पासवर्ड पाठवायला उत्तम. पण मग वरचे आधार, व्हायरस, हॅश, काहीच तपासता येत नाही. माझं मत, द्यायचंच तर मुदत एक दिवस, आकार लहान, आणि तक्रार करणाऱ्याकडून पूर्ण लिंक मागून घे, त्यात चावी असते, ती उघडून खात्री करता येते.

राहिलं लॉगिन. सक्तीचं करू नको. ओटीपीसाठी मोबाइल नंबर घेतलेस की आता तूच गावातल्या सगळ्यांच्या नंबरांची यादी बाळगून बसलास, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली ती सांभाळायची जबाबदारी तुझी, आणि सट्टावाल्याकडे सिमकार्डं तुझ्यापेक्षा जास्त असतात. खातं फक्त कपाटासाठी, तेही ओळखीने. फळ्यावर टाकणाऱ्याला पेस्टच्या लिंकबरोबर दुसरी एक लिंक दे, 'ही जपून ठेव, नको वाटलं तर यावरून काढता येईल'. रागात टाकलेलं बरंच काही सकाळी टाकणाराच काढतो, त्याला फक्त काढायची सोय पाहिजे असते.